नऊ इंचांची ऊब

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनींच्या दारापासून थेट कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण तळहात पुसत होता. कुणी रुमालाने, कुणी बाहीला, कुणी चक्क पुढच्याच्या पाठीला. भिंतीला हात लावायचा तर हात कोरडा हवा, असा महाराजांचा नियम होता.

आत जाऊन आलेली माणसं तळहात छातीशी धरून बाहेर पडत होती.

"लागली हो, ऊब लागली! जित्याजागत्या माणसाच्या पाठीला हात लावावा तशी!"

"माझा तर खांदा मोकळा झाला. तीन वर्षं वर जात नव्हता!" असं म्हणून एका गृहस्थांनी हात वर करून दाखवला. मगाशी याच हाताने ते मला ढकलून रांगेत घुसले होते.

"तुम्हाला काय वाटतं?" शेजारच्या निवृत्त टायपिस्टनी मला विचारलं.

"मला काही वाटत नाही," मी म्हणालो.

त्यांनी नाक मुरडलं. त्यांना वाटलं, हा शहाणा नास्तिक. मी आपलं खरं ते सांगितलं होतं. चार महिन्यांपूर्वी दादा गेला, तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. रडलो नाही, भांडलो नाही. चहा गरम आहे की गार, हे तो संपल्यावरही सांगता येत नव्हतं. लोक म्हणाले, केवढा खंबीर! खंबीर कसला, बधीर झालो होतो.

मी रांगेत उभा होतो तो ऊब घ्यायला नव्हे, कामाला आलो होतो. मी घरांची किंमत ठरवणारा माणूस. टेप, टॉर्च, लेव्हल आणि एक वही, एवढाच माझा संसार. हे घर होतं माझ्याच दादाचं. आजूबाजूची घरं शंभर-शंभर वर्षांची, एकमेकांना टेकून कशीबशी उभी. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, जुनी शेड पाडून, नऊ वर्षांपूर्वी दादाने हे चिमुकलं घर बांधलं. खाली दोन खोल्या, वर एक. पुढच्या खोलीत वहिनींचं शिवणकाम. दादा बस डेपोत मेकॅनिक होता. डेपोतून आला की विटा भिजवायचा.

चमत्कार सुरू झाला तो असा. दादा गेल्यावर वहिनींनी त्याचं लोखंडी कपाट देऊन टाकलं. ते पुढच्या खोलीत उजव्या भिंतीला लागून असायचं. त्या संध्याकाळी त्या मोकळ्या भिंतीला डोकं टेकून रडल्या, आणि त्यांच्या गालाला ऊब लागली. बरोबर माणसाच्या उंचीचा, माणसाच्या रुंदीचा एक उभा पट्टा गरम होता. त्या दचकल्या, मग तशाच टेकून राहिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, तिसऱ्या दिवशी गल्लीला कळलं, आणि आठवड्याभरात महाराज हजर झाले. गूळ दिसला की मुंगळ्यांना निमंत्रण लागत नाही.

मी आत शिरलो तेव्हा महाराज वहिनींच्या कापड कापायच्या लांबलचक टेबलावर मांडी घालून बसले होते. पांढराशुभ्र झगा, त्याला एक सुरकुती नाही.

"शरीर जातं, ऊब जात नाही!" ते गरजत होते. "ऊब म्हणजे काय? ऊब म्हणजे प्राणाचा पत्ता! टपाल बदलतं, पत्ता बदलत नाही!"

"वाऽऽ!" गर्दी म्हणाली. पत्ता आणि टपाल याचा अर्थ काय, हे कुणीही विचारलं नाही. टायपिस्टनी तर ते लिहून घेतलं.

"हा आत्मा म्हणतोय, हे घर आता एकट्याचं नाही, सगळ्यांचं आहे. माई, शनिवारी सहा वाजता तो तुमच्या सहीची वाट पाहील."

सही बक्षीसपत्रावर करायची होती. घर महाराजांच्या संस्थेला देऊन टाकायचं, आणि वहिनींनी वरच्या खोलीत 'सेवेकरी' म्हणून राहायचं. कागदाला घराचं मूल्यांकन जोडावं लागतं, म्हणून वहिनींनी मला बोलावलं होतं.

"नातेवाइकाच्या घराची किंमत आम्ही करत नाही, वहिनी," मी फोनवर सांगून पाहिलं होतं. "तसा दंडकच आहे."

"मग नुसती मापं घ्या, भावजी. सही दुसऱ्या कुणाची घेऊ. त्यांच्या घरात परक्या माणसाने टेप लावलेली मला बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सोमवारी गेलो, तर गल्ली रिकामी होती. दारावर पाटी लावलेली: 'आज आत्म्याचं मौन.'

"सोमवारी ते बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "भिंत गार असते. महाराजांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि खरंच तसं होतं."

मी भिंतीला हात लावला. साधी भिंत होती. गार होती की नाही हेही मला धड कळलं नाही, म्हणून वहीत वहिनींचं म्हणणं लिहिलं.

"धरा टोक," मी म्हणालो. टेप एकट्याने धरता येते, पण नीट माप हवं तर दोन माणसं लागतात. वहिनींनी टोक डाव्या भिंतीला लावलं. आत चौदा फूट तीन इंच. मग बाहेर जाऊन दर्शनी बाजू मोजली. डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या जुन्या इमारतीच्या सांध्यापर्यंत बरोबर पंधरा फूट.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं.

आमच्या धंद्यातली ही पहिली इयत्ता आहे. बाहेरच्या मापातून आतलं माप वजा करा, उरतात त्या भिंती. इथे दोन भिंती हव्यात, नऊ-नऊ इंचांच्या, म्हणजे उरायला हवेत अठरा इंच. उरत होते नऊ. एक भिंत गायब! खरा चमत्कार हा होता, आणि त्याला रांग नव्हती.

उजवीकडे घराला स्वतःची भिंतच नव्हती. शेजारच्या इमारतीच्या जुन्या भिंतीवर आतून प्लॅस्टर मारून दादाने खोली पुरी केली होती. मी बोटांनी ठोकत गेलो. सगळीकडे भरीव आवाज येत होता. त्या पट्ट्यावर मात्र पोकळ.

बाहेर येऊन शेजारच्या इमारतीकडे पाहिलं. तळमजल्यावर लॉन्ड्री होती. शटर बंद, आणि शटरवर रंगवलेलं: 'सोमवार बंद'.

मी हसलो नाही, चिडलोही नाही. वहीत लिहिलं, सोमवार बंद.

मंगळवारी लॉन्ड्रीत गेलो. मालकीणबाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते. सहा फुटी बाई, हातात इस्त्री नसली तरी समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहतो.

"मावशी, या भिंतीत काय आहे?"

"काय असणार? जुनं धुराडं. त्यातून आमच्या वाफेचा पाइप वर जातो. वर कडक इस्त्रीचं मशीन आहे ना! दुपारी चार ते आठ चालतं." त्यांनी मान बाहेर काढून रांगेकडे पाहिलं. "का हो, ही गर्दी त्याच भिंतीसाठी? मला वाटलं, तुमच्या वहिनीने कपड्यांचा सेल लावलाय!"

"तुम्ही एकदाही आत जाऊन पाहिलं नाहीत?"

"मला कुठला वेळ? शिवाय महाराजांचे झगे आमच्याकडेच असतात. आठवड्याला सहा, कडक इस्त्री. आले होते स्वतः. पाइप कुठून जातो, कधी तापतो, सुट्टी कोणत्या वारी, सगळं विचारून गेले. म्हटलं, देवमाणूस, पण किती बारीक चौकशी करतो!"

आत पाइपात वाफ सोडायचा एक मोठा चाकाचा व्हॉल्व्ह होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"शनिवारी हा जरा उशिरा उघडाल? मी भिंतीवर तीनदा ठोकेन, तेव्हा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. एवढा वेळ लागला त्यांना. मग त्यांच्या तोंडून महाराजांबद्दल जे शब्द निघाले ते छापता येणार नाहीत.

शनिवारी सहाला खोली तुडुंब भरली होती. कापायच्या टेबलावर बक्षीसपत्र आणि पेन. वहिनी नवीन कपडे घालून बसल्या होत्या, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारख्या. महाराजांनी डोळे मिटून भिंतीला तळवा लावला. डोळे उघडले. दुसरा तळवा लावला.

भिंत ढिम्म गार होती.

"हं!" महाराज म्हणाले. तेल लावलेल्या पैलवानासारखा माणूस, पकडीत यायचा नाही. "आत्मा रुसलाय. या खोलीत एक संशयी आहे! शंकेच्या श्वासाने ऊब विझते!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टायपिस्टनी बोटच दाखवलं. वहिनींचा चेहरा पांढरा पडला.

"भावजी, तुम्ही जरा बाहेर..." त्या म्हणाल्या.

"मीच तो," मी म्हणालो. "म्हणजे मी इथे आहे तोवर भिंत तापणार नाही. बरोबर, महाराज?"

"त्रिवार बरोबर!"

"सगळ्यांनी ऐकलं ना? मग मी त्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो. आणि सांगतो, अर्ध्या तासात ती तापेल."

टेपच्या पेटीने मी भिंतीवर तीनदा ठोकलं.

पाच मिनिटं काही नाही. महाराज म्हणाले, "पाहिलंत?" सातव्या मिनिटाला भिंतीच्या आत टिक... टिक... असा आवाज आला. लोखंड तापलं की फुगतं, तो आवाज. महाराजांच्या कपाळावर घाम आला. घड्याळात पावणेसात झाले तसं टायपिस्टनी न राहवून हात पुढे केला आणि ते ओरडले, "अहो, तापली की! संशयी चिकटलेला असताना तापली!"

मी पाइप सांगितला, धुराडं सांगितलं, सोमवार सांगितला. तेवढ्यात दारातून मावशी आत आल्या, हातात सहा पांढरे झगे.

"महाराज, तुमची इस्त्री झाली. सुट्टी कोणत्या वारी म्हणून विचारत होतात ना? सोमवारी तुमचा आत्मा माझ्या दुकानात सुट्टीवर असतो!"

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसली. खांदा मोकळा झालेले गृहस्थ सगळ्यात मोठ्याने. त्या हशातच महाराज निघून गेले. झगे टेबलावरच राहिले, बक्षीसपत्राच्या वर.

वहिनी हसल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"म्हणजे ते नव्हतेच," त्या म्हणाल्या. "मी तीन आठवडे लॉन्ड्रीच्या पाइपाशी बोलत होते. बरं झालं का हे, भावजी? घर वाचवलंत. पण रोज संध्याकाळी मला एवढंच तर होतं."

याचं उत्तर होतं ते एका कागदावर. भिंत का नाही, हे शोधायला मी दादाची बांधकामाची फाइल काढली होती, आणि त्यात घराचा नकाशा होता. तो मी त्यांच्यापुढे उघडला. उजव्या भिंतीवर पेन्सिलीने काट मारली होती आणि शेजारी दादाचं ते मोडकं अक्षर: 'इथे भिंत घातली तर तिचं टेबल आडवं बसत नाही. नऊ इंच कमी पडतात. भिंत रद्द. मिस्त्री ओरडेल, ओरडू दे.'

वहिनींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, जसं इतके दिवस भिंतीवरून फिरवत होत्या.

"मला कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. हे रडणं वेगळं होतं.

मी वही उघडली, कारण मला दुसरं काही सुचेना. दोषांच्या रकान्याशी पेन थांबलं. स्वतःची भिंत नसणं हा आमच्या लेखी मोठा दोष. यामुळे घराची किंमत उतरते.

"काय लिहिताय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. "लिहा. खरं ते लिहा. या खोलीत खोटं खूप झालं."

म्हणून मीही खरं तेच सांगतो. दुःखी माणसाला ऊब हवी असते, आणि ती विकणारे टपलेलेच असतात. तुमच्या घरची भिंत उद्या तापली, तर हात जोडण्याआधी शेजारचं दार वाजवा. पलीकडे काय चालतं ते विचारा. कोणत्या वारी सुट्टी असते तेही विचारा. माप घ्या, दोनदा घ्या. आपलं गेलेलं माणूस खरोखर कुठे शिल्लक राहिलंय, ते मोजल्यावरच सापडतं. मला नऊ इंचांत सापडलं.

निघताना मी त्या पट्ट्यावर तळहात ठेवला. गरम होता. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी गरम लागलं, आणि ती लॉन्ड्रीची वाफ आहे हे ठाऊक असूनही डोळे भरून आले.

मागे वहिनींनी टेबलावरचे झगे आणि बक्षीसपत्र खाली ठेवले होते आणि कापडाचा तागा उलगडला होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "जाण्याआधी टेपचं टोक धरा. मला कापड मोजायचंय."