आक्कापुरता उघडा दरवाजा

मित्रांनो, तुम्ही प्राणिसंग्रहालयात येता, चिंपांझींकडे बघून दात काढता आणि पुढच्या पिंजऱ्याकडे निघून जाता. मागच्या अंगाला त्यांच्या झोपायच्या खोल्या असतात, तिकडे तुम्ही कधी फिरकत नाही. त्यातल्या दोन खोल्यांच्या मधला जुना सरकता दरवाजा म्हणजे मी. वय झालंय, सरकताना कुरकुरतो, पण अजून रुळावर आहे.

एका वर्कशॉपमध्ये जाड लोखंडी जाळी वेल्ड करून मला बनवलं आणि जाळीला एक पत्रा लावला. तो पत्रा वेगळा वरखाली होतो. पत्रा खाली असला की पलीकडचं काही दिसत नाही. तो वर घेतला की जाळीतून दिसतं, वास येतो, बोटाला बोट लावता येतं. मला सरकवायचं चाक मात्र बाहेरच्या बोळात बसवलंय. ते चिंपांझींच्या हाती दिलं असतं तर माझं काय झालं असतं ते सांगायला नकोच.

माझं काम ओळख करून द्यायचं. इथे कोणाची जोडी कोणाशी लावायची ते माणसं ठरवतात. जवळच्या नात्यात पिल्लं होऊ नयेत म्हणून इथलं जनावर परगावी पाठवतात, तिकडचं इकडे आणतात. नव्याला एकदम गटात सोडलं तर त्याच्या जिवावर बेतायचं. म्हणून तो एका खोलीत, गट दुसऱ्या खोलीत आणि मधे मी. सुरुवातीला दोन्हीकडच्या लाथा मीच खातो. मग हळूहळू बोटं जाळीतून येऊ लागतात, राग निवतो, आणि माणसं मला बाजूला सरकवतात. आजवर किती सोयरिकी जमवल्या असतील, पण आहेर म्हणून मिळतं काय, तर रुळावर थोडं ग्रीस. तेही काकांना आठवलं तर.

काका म्हणजे चिंपांझींना सांभाळणारे. ते नोकरीला लागले त्याच सुमारास एक तरणी मादी इथे आली. तिचा तोरा बघून काकांनी तिला आक्का म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. आक्काने स्वतःची पिल्लं वाढवली, दुसऱ्यांचीही वाढवली. गटात भांडण पेटलं की ती कोणाची बाजू घ्यायची नाही, नुसती मधे जाऊन बसायची. थोड्या वेळाने सगळे गप्प व्हायचे.

वर्षं गेली. आक्काचे दात पडले, गुडघे आखडले, तिला पिल्लं होणंही थांबलं. त्यातच गटात एक नवा नर आला. काका त्याला दांडगा म्हणत, आणि होताच तो तसा. आक्काच्या पुढ्यातलं खाणं तो ओढून न्यायचा. एकदा त्याने तिचा कान फाडला. काकांना ते बघवेना. ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "तिला वेगळी ठेवू या. जन्मभर तिनं सगळ्यांचं केलं. आता दोन घास सुखानं खाऊ दे."

बाईंना ते पटलं. आक्काला माझ्या अलीकडच्या खोलीत आणलं. मऊ गवत, ऊब देणारा दिवा, शिजवून मऊ केलेली फळं, सगळी सोय झाली. पलीकडच्या गोंगाटाने तिची झोप मोडू नये म्हणून काकांनी माझा पत्राही खाली केला. चूक झाली ती तिथे. सगळं मायेपोटीच केलं होतं, म्हणून ती कोणाच्या लक्षातच आली नाही.

आक्काने त्या मऊ गवताकडे पाठ केली. दिवसभर ती मला टेकून बसायची. पत्र्याखाली बोटभर जागा होती, तिथे बोटं घालून ठेवायची. काका फळ पुढे करायचे, ती हुंगायची आणि ठेवून द्यायची. हाडं वर आली. "वयच झालं म्हणायचं," काका म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले. मला इतका राग आला. वय झालं होतंच, पण ती वयाने वाळत नव्हती.

अशातच एका सकाळी पलीकडे गटातली धाकटी मादी व्याली. ही लहानपणीच आईवेगळी झालेली, माणसांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. पिल्लाला कसं धरायचं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पिल्लू जमिनीवर ठेवून ती लांब जाऊन बसली. ते ओरडलं की कानांवर हात ठेवायची. दुपार उलटली तरी त्याच्या पोटात दुधाचा थेंब नव्हता.

बोळात बाई आणि काका उभे होते. बाई म्हणाल्या, "आता थांबता येत नाही. काढून घेऊ या आणि बाटली लावू या. जगेल. पण मोठं होऊन तेही हेच करेल." मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आक्काला पलीकडे सोडलं तर?"

"अहो, तिला धड उभं राहवत नाही," काका म्हणाले. "धाकटीनं एक दणका दिला तर संपलंच."

"मलाही भीती वाटतेय, काका. दुसरं काही सुचत असेल तर सांगा."

दांडग्याला आणि बाकीच्यांना काकांनी बाहेरच्या मैदानात सोडलं, पत्रा वर घेतला आणि चाकाला हात घातला. मी कुरकुरत उघडलो.

आक्का उठली. भिंतीला धरत, थांबत थांबत पलीकडे गेली. तिने पिल्लू उचललं. धाकटी केस फुलवून अंगावर धावली. आक्काने मान खाली घातली, हललीसुद्धा नाही. धाकटी जवळ येऊन थांबली, तशी आक्काने पिल्लू तिच्या छातीला लावलं. धाकटी उठायला लागली, तर ही तिच्या पाठीशी चिकटून बसली आणि खांद्यावर हात ठेवला. धाकटी पुन्हा उठली, पुन्हा बसली. कितीतरी वेळ हेच चाललं. शेवटी पिल्लाला दूध सापडलं आणि त्याचं ओरडणं थांबलं.

काका भिंतीकडे तोंड करून रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं.

पण दांडगा तर परत येणारच होता. मग बाईंनी युक्ती काढली. माझ्या रुळात एक खिट्टी ठोकून घेतली, म्हणजे मी थोडासाच उघडा राहीन. वाळलेली आक्का त्या फटीतून जाईल, दांडग्याचे खांदे मात्र अडकतील. त्याने पहिल्या दिवशी डोकं घालून बघितलं आणि फुरंगटून निघून गेला. आक्का अलीकडे येऊन निवांत जेवायची, दिव्याखाली पाय शेकायची आणि मनात आलं की पलीकडे जायची. पुढे पिल्लूही तिच्या मागे मागे येऊ लागलं, तिच्या वाटीतलं खाऊ लागलं. आक्काच्या अंगावर थोडं मांस चढलं. जन्मभर मी एक तर सताड उघडा नाहीतर घट्ट बंद असायचो. असं मधेच उभं राहणं मला म्हातारपणी शिकायला मिळालं.

मित्रांनो, आक्का गेल्या हिवाळ्यात गेली. पलीकडे, धाकटीच्या कुशीला टेकून. तिला फार दिवस जगवता आलं असं कोणी म्हणणार नाही. पण शेवटचे दिवस कुठल्या खोलीत काढायचे, ते तिचं तिने ठरवलं.

तुमच्याही घरात कोणी थकलेलं असेल. त्यांना वेगळी खोली द्या, मऊ अंथरूण द्या, वेळेवर गरम जेवण द्या. मग बाहेर पडताना दरवाजा ओढण्याआधी त्यांना विचारा, की लावू का. आणि विचारायला अवघड वाटलं, तर लावू नका.