चूलबंद आवतण

जळगावला एका कंपनीत मी कंत्राटदारांची बिलं तपासतो. काम वाढलं असं कोणी म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडलीच. म्हणून बहिणीच्या, नूतनच्या लग्नाचा स्वयंपाक सुपडू आचाऱ्याला दिला तेव्हा कागद मीच केला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तीनशे पानं. पानं वाढली तर दोन दिवस आधी वहीत लिहायचं आणि माझी सही घ्यायची.

लग्नाच्या तीन दिवस आधी धुळ्याजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर हा गडी गल्लोगल्ली हिंडत बायकांना घरात माणसं किती ते विचारत होता. मला तिथेच संशय आला. संध्याकाळी वही घेऊन दारात हजर.

"भाऊ, सहाशे पानं धरा लागतीन. सही करी द्या."

"सहाशे कुठून आली? घरटी एक माणूस ठरलंय."

"धुरपदाअक्कानी बठ्ठा गावले चूलबंद आवतन दिन्हं शे."

चूलबंद म्हणजे त्या दिवशी अख्ख्या गावानं घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. धुरपदाआत्या आतच होती, विचारायला एक मिनिट लागलं नसतं. पण मला या माणसाला रंगेहाथ पकडायचं होतं. असले दुप्पट बिलांचे डाव मी रोज बघतो. आबा सही करायला पुढे झाले, तर त्यांच्या हातातला पेन मी काढून घेतला.

"तुम्हाला हे लोक कळत नाहीत," मी वडिलांना म्हणालो. सुपडू वही मिटून निघून गेला.

लग्नाच्या दिवशी दुसऱ्या पंगतीलाच बट्ट्या संपल्या. तिसरी पंगत बसली होती, बायका आणि पोरं. पानात मीठ-लिंबू वाढलेलं, पुढे काही येईना. आत्या माझा दंड धरून म्हणाली, "मीच आवतन दिन्हं रे सगळ्यासले. एकच पोर शे आपली." आबा पंगतीसमोर हात जोडून उभे राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धावत चुलाणापाशी गेलो. "सुपडूभाऊ, वही आण. वाटेल तो भाव लाव, सही करतो."

तो कणीक मळायला बसलाच होता. त्यानं मान वर केली नाही.

"भाव तोच शे, भाऊ. पन बट्टीले दोन तास लागतीन."

मागं बायका पोरांना पानावरून उठवू लागल्या होत्या.