वीस लाख मेंढरं आणि एक गुऱ्हाळ

हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवाच अशी जबरदस्तीही नाही. पण इनामगावच्या बिरदेव आबांनी एका दुपारी वीस लाख मेंढरं वेगळी केली, तीही खाटेवर बसून, हातातला चहा न सांडता. आयुष्यात आबांचा मोठ्यात मोठा कळप तीनशेचा. त्यातली प्रत्येक मेंढी ते नुसत्या शिंकेवरून ओळखायचे. निदान आपल्या बायकोला, सखूबाईंना, ते चाळीस वर्षं असंच सांगत आले होते.

ही वीस लाख मेंढरं होती त्यांच्या नातीच्या, मोनिकाच्या लॅपटॉपात.

पुण्याच्या एका कंपनीनं मोनिकाला नोकरीआधी परीक्षेचं काम दिलं होतं. एखादी खरीखुरी जागा स्कॅन करायची. मशीन समोर दिसेल त्यावर किरण मारतं आणि जिथं तो लागेल तिथला एकेक ठिपका टिपून घेतं. मग त्या ठिपक्यांच्या गर्दीतून साधे आकार वेगळे काढायचे: हे सपाट, हे नळकांडं, हा चेंडू. चारच्या आत पाठवलं तर नोकरी, नाहीतर रामराम.

तिनं तळेगाव ढमढेऱ्याजवळचं मच्छिंद्रमामांचं गुऱ्हाळ निवडलं. आबा आणि सखूबाई तिचा डबा घेऊन आले आणि तिथंच रमले. तीन वाजले तरी भिंत, धुराडं आणि पाण्याचा माठ मिळून पडद्यावर एकच जांभळा गोळा दिसत होता.

"रंग झ्याक हाय," मच्छिंद्रमामा म्हणाले. "दिवाळीला ह्योच देऊ."

"मामा, चेष्टा नको! प्रत्येक आकाराचा रंग वेगळा यायला पाहिजे. हा प्रोग्राम शेजारी ठिपका दिसला की ओढतोय आपल्यात. भिंतीवरून माठावर, माठावरून धुराड्यावर." मोनिकाचा आवाज रडवेला झाला.

आबांनी मान पुढं केली. "आगं, ही तर पाण्यावर आलेली मेंढरं! चार धनगरांचे कळप नदीवर एकत्रच पाणी पितात. शेजारी उभं राह्यलं म्हंजी एका मालकाचं झालं व्हय?"

"मग वेगळी कशी करता?"

"तोंडं बघायची. ज्येनं त्येनं आपली हाळी दिली, की मेंढरू आपल्या धन्याकडं तोंड फिरवतं. शेजारी बी पायजे आन् तोंड बी त्याच बाजूला पायजे, तवा एक कळप."

मोनिका ताठ बसली. ठिपक्याचं तोंड म्हणजे तिथला पृष्ठभाग ज्या बाजूला बघतो ती दिशा! भिंतीवरच्या सगळ्या ठिपक्यांची तोंडं एकाच दिशेला. धुराड्यावरच्यांची शेजाऱ्यापेक्षा जराजराशी वळत वळत गोल फिरून येणारी. माठावरच्यांची चहूकडं, वर आभाळाकडंसुद्धा.

"आणि कोपऱ्यावरची, आबा? त्यांचं तोंड धड इकडं नाही, धड तिकडं नाही."

"कडंची मेंढी शेवटाला घ्यायची. आधी घेतलीस की ती दोन्ही कळप एकात घालती. कळप बसू दे, मंग तीच आपली जागा बघती."

"आणि हे रस उकळायच्या काहिलीवरचे उडते ठिपके?"

"ती वाफ, बाय. पाखरं कोण मोजतंय?"

मोनिकाची बोटं धावू लागली. पावणेचारला पडदा उजळला. भिंती हिरव्या, धुराडं लाल, माठ पिवळा! फक्त माठ एकच असताना चेंडू मात्र दोन निघाले. दुसरा सापडला मच्छिंद्रमामांच्या सदऱ्यात.

"ह्यो पाठवू नगंस!" मामा पोटावर हात ठेवून ओरडले. सखूबाईंना हसून ठसका लागला. मामांचा चेंडू पुसून मोनिकानं चारला पाच कमी असताना काम पाठवलं.

अर्ध्या तासानं कंपनीच्या सुलक्षणा मॅडमचा फोन आला. मोनिकानं स्पीकर लावला.

"मोनिका, सोमवारपासून ये. फार सुरेख काम! कडेचे ठिपके शेवटी घ्यायचं कुणी शिकवलं तुला?"

मोनिका आनंदानं किंचाळायच्या आत आबांनी फोन ओढला. "राम राम मॅडम! मी बिरदेव, तिचा आजा. शिकवायचंय काय त्यात? मी एक शिट्टी मारली. वीस लाख ठिपके माना वळवून आपापल्या कळपात जाऊन हुबे. शेवटचा तर लंगडत आला बिचारा."

"काय सांगता! मग आम्हालाही ऐकवा की ती शिट्टी."

आबांनी ऐटीत दोन बोटं तोंडात घातली.

"ऐकू नगा हो मॅडम!" मागून सखूबाई कडाडल्या. "शिट्टी मारतील कशानं? पुढचे चारी दात शिमग्यातच पडलेत, आन् कवळी घरी डब्यात हाय!"