उजव्या बाजूचा बोर्ड

बर्नी गावाच्या बंदरामागे एक जुनी पत्र्याची शेड आहे. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तिथे निवृत्त माणसं जमतात. कुणी मोडक्या खुर्च्या सांधतं, कुणी गवत कापायचं मशीन उघडून बसतं, आणि बरेच जण नुसतेच चहा पीत दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवतात. ग्लेनिस बरिज पहिल्यांदा आत आली तेव्हा तिथे बाई एकही नव्हती. तिने दारातूनच विचारलं, "हॉलसाठी ॲम्प्लिफायर बनवतोय तो क्लेम कोण?"

गावच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी जुन्या गाण्यांवर नाच असायचा. ग्लेनिस आणि तिचा नवरा रे कधी चुकवत नसत. महिन्यापूर्वी हॉलचा ॲम्प्लिफायर एका गाण्याच्या मधोमध कायमचा गप्प झाला होता, आणि "विकत कशाला घेता, मी बनवून देतो," असं क्लेम हॅलोरनने भर सभेत सांगून टाकलं होतं.

क्लेम पंचाहत्तरीचा, उंच, थोडा वाकलेला. सारी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. त्याने ग्लेनिसला चष्म्यावरून न्याहाळलं.

"सोल्डरिंग येतं?"

"अकरा वर्षं रेडिओच्या कारखान्यात तेच केलं."

"आणि नंतर?"

"कारखाना बंद पडला. मग शाळेच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं."

शेजारी ॲम्प्लिफायरच्या पेटीसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा कापत बसलेला ड्रागो हसला. तो कागद गिरणीतला फिटर होता, तरुणपणी युगोस्लाव्हियातून आला होता. "घे रे तिला, क्लेम. हिच्या हातचा बोर्ड जळाला तरी वास चांगला येईल."

"तुझ्या पेटीत बसवला तर जळेलच," ग्लेनिस म्हणाली. ड्रागोला ती तिथेच आवडून गेली.

काम सोपं होतं असं नाही, पण सरळ होतं. ॲम्प्लिफायरच्या दोन बाजू, डावी आणि उजवी. दोन्हीसाठी सारखाच एकेक सर्किट बोर्ड. आराखडा क्लेमचा स्वतःचा, वीस वर्षांपूर्वी काढलेला. डावा बोर्ड त्याने मागच्या वर्षीच हौसेने जुळवून ठेवला होता आणि तो झकास चालत होता. उजवा ग्लेनिसने जुळवायचा. क्लेमने तिला नकाशा दिला आणि भिंतीवरची छोट्या छोट्या खणांची पेटी दाखवली. प्रत्येक खणावर त्याच्या अक्षरात आकडा लिहिलेला. "गेल्याच महिन्यात सगळे रेझिस्टर निवडून ठेवलेत. नकाशात आकडा बघ, खणातून उचल, लाव."

चाळीस वर्षांनी सोल्डरिंग आयर्न हातात धरल्यावर वितळलेल्या धातूचे पहिले चार टाके तिचे ओबडधोबड आले. पाचव्यापासून हाताला आठवलं. तिसऱ्या दिवशी बोर्ड पुरा झाला तेव्हा प्रत्येक टाका थेंबासारखा चकचकीत होता. ड्रागोने भिंगातून पाहून शीळ घातली.

पहिल्यांदा वीज द्यायची ती थेट नाही, मध्ये एक शंभर वॉटचा दिवा जोडून. बोर्डात कुठे शॉर्ट असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि बोर्ड वाचतो. सगळं ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळतो आणि विझतो. क्लेमने बटण दाबलं. दिवा उजळला, मंदावला.

"विझला," क्लेम म्हणाला. "आता दिवा काढ, थेट जोड."

ग्लेनिसला दिव्यातली तार अजून किंचित लाल वाटली. पण खिडकीतून ऊन येत होतं, आणि क्लेमला शिकवणारी ती कोण? तिने थेट जोडलं. दोन मिनिटांत जळका वास सुटला, एक ट्रान्झिस्टर टचकन तडकला आणि फ्यूज गेला.

"कच्चा टाका," क्लेम म्हणाला. "कुठेतरी सोल्डर नीट बसलेलं नाही."

ग्लेनिसने एकूण एक टाका उकरून पुन्हा घातला, नवे ट्रान्झिस्टर लावले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच दिवा, क्लेमचं तेच "विझला", आणि दोन मिनिटांनी तोच वास.

ह्या वेळी क्लेमने चष्मा काढून टेबलावर टाकला. "माझा बोर्ड चालतो. नकाशा तोच, सामान तेच. फरक फक्त हाताचा आहे. सव्वीस वर्षं सँडविचला लोणी लावलं की हात बिघडायचाच."

"क्लेम, जास्त बोललास," ड्रागो म्हणाला. ग्लेनिसने सोल्डरिंग आयर्न बंद केलं, कप धुऊन ठेवला आणि घरी गेली.

घरी रे मासे साफ करत होता. सगळं ऐकून त्याने विचारलं, "मग सोडतेस?"

"सोडायला काय झालं? पण माझा टाका कच्चा नव्हता. ते कळल्याशिवाय मला झोप नाही लागायची."

कारखान्यात बोर्ड बिघडला की सुपरवायझर आधी पोरींच्या हाताला दोष द्यायचा. तेव्हा ग्लेनिस एक गोष्ट शिकली होती: कुणाचं काही ऐकायचं नाही, पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत एकेक मोजत जायचं. इथे तिने ते केलंच नव्हतं. क्लेमचं सुबक अक्षर पाहून तिने डोळे झाकून खणातून सामान उचललं होतं. ह्याचा तिला स्वतःचाच राग आला.

मंगळवारी शेड उघडायला ड्रागो आला तेव्हा ती आधीच दारात उभी होती. तिने वीज न देता बोर्ड समोर घेतला. एकेका रेझिस्टरचा एक पाय सोडवायचा, मीटर लावायचा, नकाशावर खूण करायची, पाय परत जोडायचा. सतरावा रेझिस्टर ६८० ओहमचा असायला हवा होता. मीटरने ५६० दाखवले. तिने पुन्हा मोजला. ५६०.

गाणं वाजत नसतानाही ट्रान्झिस्टरांतून थोडा करंट वाहत ठेवावा लागतो, आणि तो किती ते ह्याच रेझिस्टरवर ठरत होतं. इथे कमी ओहमचा पडला तर करंट वाढतच जातो, बिचारे ट्रान्झिस्टर नुसते बसल्या जागी भाजून निघतात.

तिने ६८० लिहिलेला खण टेबलावर उपडा केला. आत अकरा रेझिस्टर. मोजले तर पाच ६८०चे, सहा ५६०चे. रेझिस्टरचा आकडा त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात. एकावर पहिल्या दोन पट्ट्या निळी आणि राखाडी, दुसऱ्यावर हिरवी आणि निळी. ग्लेनिसला खिडकीपाशी दोन्हींतला फरक स्वच्छ दिसत होता.

"तुला दिसतोय?" तिने ड्रागोला विचारलं.

"मला दिसणारच. पण क्लेमने..." ड्रागो मध्येच थांबला. मग हळूच म्हणाला, "तो संध्याकाळी गाडी चालवत नाही हल्ली. म्हणतो, पाठ दुखते."

तेवढ्यात क्लेम आला. ग्लेनिसच्या मनात आलं, जळका बोर्ड ह्याच्या नाकासमोर धरावा आणि लोण्याची आठवण करून द्यावी. पण तिने दोन रेझिस्टर तळहातावर घेतले आणि त्याच्यापुढे केले.

"क्लेम, ह्यांचे रंग सांग."

"निळा-राखाडी. दोन्ही. का?"

"खिडकीपाशी ये."

तो आला. डोळे बारीक केले, हात लांब नेला, जवळ आणला. "निळा... राखाडी," तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

"एक हिरवा-निळा आहे. खणात सहा तसे निघाले. मीही न मोजता लावला, म्हणजे अर्धी चूक माझी."

क्लेमचा चेहरा लाल झाला. "ह्या शेडमध्ये उजेडच कुठे धड आहे!" तो म्हणाला, आणि जाकीट घालून निघून गेला. गुरुवारी आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही.

ग्लेनिसने बरोबर रेझिस्टर लावला, ट्रान्झिस्टर बदलले. दिवा ह्या वेळी उजळला आणि पूर्ण विझला. तिने खिडकीवर पोतं धरून खात्री केली. थेट जोडल्यावर अर्धा तास झाला तरी ट्रान्झिस्टरांची उष्णता शोषणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा जेमतेम कोमट होता. ड्रागोने त्याच्या गावाकडचं एक ढोलाचं गाणं लावलं आणि एकट्यानेच फेर धरला. ग्लेनिस हसली, पण तिला हवा तेवढा आनंद होईना.

दुपारी ती क्लेमच्या घरी गेली. त्याने दार उघडलं, पण बाजूला सरला नाही.

"चालला," ती म्हणाली.

"माहीत होतं चालेल."

"मग मला आत घेऊन चहा पाज."

स्वयंपाकघरात तो किटली भरत पाठमोरा उभा राहिला. "वर्षभर जाणवतंय," तो म्हणाला. "आधी वाटलं, चष्मा मळलाय. माझ्या बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि तो डोळा गेला तो गेलाच. मरेपर्यंत रेडिओपाशी बसून होता."

"ती कधीची गोष्ट?"

"एकोणीसशे एकसष्ट."

"क्लेम, एकसष्टमध्ये तू ट्रान्झिस्टर तरी पाहिला होतास का?"

त्याला हसू आवरलं नाही. मग कपाकडे बघत तो म्हणाला, "लोण्याचं मी जे बोललो, ते बोलायला नको होतं."

"नकोच होतं. बिस्किटं आहेत का?"

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, पिकलेला. पहिल्या ऑपरेशनला लॉन्सेस्टनच्या इस्पितळापर्यंत गाडी रेने चालवली, ग्लेनिस मागे बसली, आणि वाटेत क्लेमने दोघांनाही धड बोलू दिलं नाही. परतीच्या वाटेवर मात्र डोळ्यावर झाकण लावलेला क्लेम खिडकीकडे तोंड करून बसला. ग्लेनिसला वाटलं, दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याचा फोन आला.

"ग्लेनिस, झाकण काढलं."

"मग?"

"माझं स्वयंपाकघर पांढरं आहे गं! मी इतके दिवस ते पिवळट समजत होतो. आणि घाण तर इतकी, की विचारू नकोस. तू ह्या ओट्यावर ठेवलेलं बिस्किट खाल्लंस?"

"दोन खाल्ली."

"आणि बोलली नाहीस?"

"एका भेटीत एकच चूक दाखवावी," ग्लेनिस म्हणाली.

पलीकडे तो पोटभर हसला, आणि मग बादली शोधायची आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

नवा ॲम्प्लिफायर हॉलमध्ये ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी लागला. पहिल्याच गाण्याआधी स्पीकरमधून बारीक घूं ऐकू आली, आणि क्लेम, ग्लेनिस आणि ड्रागोने एकमेकांकडे पाहिलं. क्लेम आणि ग्लेनिस दोघंही वायरींच्या मागे रांगत गेली आणि तिथे चहाच्या बंबाची वायर ॲम्प्लिफायरच्या वायरीला खेटून गेलेली आहे की आणखी काही, ह्यावर जोरजोरात भांडू लागली. मंचावरून कुणीतरी ओरडलं, नाचणारे ताटकळलेत म्हणून. रेने पुढे होऊन बंबाचं बटण बंद केलं. घूं थांबली. भांडण मात्र पहिलं गाणं संपेपर्यंत चाललं.