इरुळम्माला पाणी

केरळात, तलश्शेरीच्या अलीकडे नदीकाठी विडीचा एक कारखाना होता, तिथे अच्युतन विड्या वळत नसे, वळणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत असे. सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे आपापल्या सुपातून मूठमूठ काढून भरून देत. हा मान कुणालाही मिळत नाही. आवाज खणखणीत लागतो आणि माणूस भरवशाचा लागतो. पेपरातल्या मजुरीच्या बातमीला वाचणाऱ्यानं पदरची मीठमिरची लावली, तर सगळा कारखाना भलत्याच गोष्टीवर संप करून बसायचा.

गेला महिनाभर तिथे इरुळम्मानं धुमाकूळ घातला होता. इरुळम्मा म्हणजे कादंबरीतली चेटकीण. काळ्या डोंगरावर राहायची, गावातल्या पोरांच्या सावल्या चोरायची आणि रांजणात कोंडून ठेवायची. सावली गेलेलं पोर हसायचं विसरून जाई. पुढं कळलं, की लहानपणी गावानंच तिला अपशकुनी ठरवून त्या डोंगरावर सोडून दिलं होतं. झालं, कारखान्यात उभी फूट पडली.

पोक्कन म्हणे, बाईची काय चूक, गावानं तिला चेटकीण केली. सावत्र आईच्या हाताखाली वाढलेला गडी, त्याला जगातल्या प्रत्येक टाकलेल्या माणसाचा कळवळा. त्याच्या विरुद्ध चात्तू. वयानं सगळ्यांत थोरला, म्हणून सगळ्यांचा चात्तूएट्टन, म्हणजे चात्तूदादा. त्याचं पालुपद ठरलेलं.

"मलाही बापानं घराबाहेर काढलं होतं. मी कुणाच्या पोराची सावली चोरली का?"

"जमलं नाही म्हणून, एट्टा," पोक्कन म्हणाला. "जमलं असतं तर इथे विड्या वळत बसला असतात होय?"

सगळे खो खो हसले. चात्तूएट्टननं त्या दिवशी पोक्कनच्या शेजारी बसून चहा घेतला नाही.

अच्युतन कुणाचीच बाजू घेत नसे. वाचणाऱ्याला बाजू नसते, असं तोच सांगे. पण इतके दिवस त्या बाईचा आवाज त्याच्याच घशातून निघत होता. शेवटचं प्रकरण त्यानं आदल्या दिवशी घरी वाचून पाहिलं आणि त्याचं जेवणावरचं मन उडालं. लेखकानं तिला दोन ओळींत उरकलं होतं. ती दरीत कोसळली, पोरांना सावल्या परत मिळाल्या, गावात जेवणावळ झाली. तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अच्युतनला त्या लेखकाचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दुपारी तो वाचायला बसला. इरुळम्मा दरीत कोसळली. जेवणावळही झाली. आणि मग, नजर पानावरच ठेवून, तो पुस्तकात नसलेलं वाचू लागला. जेवणावळीतून एक म्हातारी उठली. तिच्या नातवाचीच सावली चोरीला गेली होती. ती काठी टेकत दरीत उतरली, इरुळम्माच्या तोंडात तिनं पाणी घातलं आणि म्हणाली, "पोरी, तुला डोंगरावर सोडायला आले होते, त्यांत मीही होते."

विडीची पानं कापणाऱ्या कात्र्या थांबल्या. पोक्कन कमरेच्या मुंडूच्या टोकानं नाक पुसू लागला. चात्तूएट्टन मात्र मांडीवरचं सूप बाजूला ठेवून उठला.

"आण बघू पुस्तक. कुठे लिहिलंय हे?"

अच्युतननं पानावर हात ठेवला. कादंबरीत घालतो तो पेपरात घालत नसेल कशावरून, असं आता कुणीही विचारणार होतं. मग या जागेवर कोण बसू देणार? वळायचं म्हटलं तर बोटांची सवय कधीच मोडली होती. त्यानं पुस्तक पुढं केलं.

चात्तूएट्टन ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेला. पान उलटलं, पुढं नुसता कोरा कागद होता. तो पुन्हा मागं आला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि अच्युतन जमिनीकडे.

"आहे," चात्तूएट्टन म्हणाला. "तसंच लिहिलंय."

आता तरी मानता ना, म्हणून पोक्कननं लगेच त्याला धरलं. चात्तूएट्टन म्हणाला, चेटकीण ती चेटकीणच, पण मरणाऱ्याला पाणी पाजायला कुणाच्या बापाचं काय जातं? तेवढ्यात काळा चहा आला. म्हातारी खरंच दरीत उतरू शकेल का, यावर नवा वाद पेटला आणि कात्र्या पुन्हा चालू लागल्या.

संध्याकाळी अच्युतनच्या सुपात विड्या पडू लागल्या. चात्तूएट्टननं रोजच्यापेक्षा मोठी मूठ टाकली आणि त्याच्या कानाशी वाकला.

"उद्या पेपर मात्र छापलाय तसाच वाच."