यंदाचे गाऱ्हाणे विनीतकडे

लालबागच्या आमच्या चाळीत माघातील सत्यनारायणाच्या पूजेनंतर देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराण्याकडे परंपरेने चालत आलेला आहे. वडिलांच्या पश्चात तो मजकडे आला. नारळावर हात ठेवून मी चाळीची दुःखे देवाला सांगावी आणि प्रत्येक वाक्यागणिक सर्व बिऱ्हाडांनी 'व्हय म्हाराजा' असा घोष करावा, अशी ही रीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. परंतु त्या प्रसंगी पदवीधर माणसेदेखील माझ्या शब्दाला होकार देत असत.

यंदा मात्र कमिटीचे अध्यक्ष चिंतामणी म्हणाले, "गुणाजी, ह्या टायमाला विनीतला घालू दे रे. नवीन पोरांना पण येऊ दे ना!"

विनीत हा शेजारच्या खोलीतील तरुण. नाइट कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि रविवारी दुपारी गॅलरीत चाळीतल्या मुलांना जमवून शब्दांची कुळे उलगडतो. माझी धर्मपत्नी रखमा तांदूळ निवडण्याच्या निमित्ताने तेथेच बसते. मत्सर हा शब्द मी पुस्तकांत पुष्कळदा वाचला होता. त्याचा दाह छातीत नेमका कोठे होतो, ते त्या गॅलरीने मला शिकविले.

"पॅसिफाय," तो सांगत होता, "लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजे शांती. अपीज, म्हणजे समजूत काढणं, पण त्याच घरातला. आणि मॉलिफायमधलं मॉलिस म्हणजे मऊ. रागावलेल्याला मऊ करायचं."

"भाकरीच्या पिठासारखा!" रखमा म्हणाली. मुले हसली, तोही हसला. माझ्यापाशी तिला असा विनोद सुचल्याचे मला स्मरत नाही.

"आता काकी, सूद. म्हणजे शांत करणं. पण जुन्या इंग्रजीत सूथ म्हणजे सत्य. आधी अर्थ होता, खरं ठरवणं. मग झाला, समोरच्याला 'खरं आहे बाबा तुझं' म्हणणं. तेवढ्यानं माणूस निवतो, म्हणून शेवटी अर्थ उरला शांत करणं."

रखमाचे हात सुपात थांबले. "अवो, ऐकलात? ह्या तर आपला 'व्हय म्हाराजा' झाला!"

मी उठून आत गेलो. जो घोष चाळीकडून मी करवून घेतला, त्याचा अर्थ तिला त्याच्या तोंडून उमगावा?

सायंकाळी तो दारात आला. "काका, गाऱ्हाणं शिकवा ना. मला पहिल्या दोन ओळीच येतात."

"ते पुस्तकातून येत नसते."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मला सवड नाही," असे म्हणून मी वर्तमानपत्र उघडले. त्याने भर पूजेत अडखळावे आणि सर्वांच्या माना माझ्याकडे वळाव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

पूजेच्या दिवशी मी सर्वांच्या मागे, जिन्यापाशी बसलो. विनीतने नारळावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चाळीतली जी काय पोरां शिकतत, त्येंका यश दी रे म्हाराजा!"

तो अडखळला नाही. जेथे मी थांबतो तेथेच थांबला. तथापि 'इडापिडा' शब्दापूर्वी त्याने एक लहानसा श्वास घेतला, जो मी कधीच घेत नाही. भाकऱ्या थापताना माझे गाऱ्हाणे गुणगुणणारी रखमा तो घेते. त्याला कोणी शिकविले, ते मला त्या क्षणी कळले. मी तिच्याकडे पाहिले. ती देवाकडे पाहत होती.

"आणि मान गेलो म्हणान जो कोण रुसान मागे बसलो आसात, ज्येच्या पोटात आग पेटली आसात, त्येचा मन थंड कर रे म्हाराजा!"

सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"व्हय म्हाराजा!" अवघी चाळ हसत ओरडली. सर्वांहून मोठा आवाज रखमाचा होता.

"गुणाजी, तू पण म्हण की रे!" चिंतामणी म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हते, परंतु वडिलांच्या वेळच्या सवयीने 'व्हय म्हाराजा' माझ्या तोंडून केव्हाच निघून गेले होते.

प्रसादाचा शिरा विनीतने प्रथम मला आणून दिला. "काका, काय चुकलं का?" मी पुष्कळ शोधले. चूक एकही नव्हती.

घरी आल्यावर मी रखमाला विचारले, "ती शेवटची ओळ कोणाची?"

"माझी."

"माका कधी दिलंस नाय."

"तुम्ही कदी मागलात?"

"व्हय," मी म्हणालो. ती माझ्याकडे पाहून हसली. भिंतीपलीकडे विनीतही कोणाशी तरी हसत होता, आणि ते मला तरीही आवडले नाही.