राखणदाराची झोप

अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या इस्पितळात माझ्या बायकोला, शेवंतीला, तिच्या भावाचे मूत्रपिंड बसवले. भावाचे नाव महादू. निघताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला कळेल असे सांगितले, "शरीराला राखणदार असतो. परके कोणी आत आले की तो मारायला उठतो. या गोळ्यांनी त्याला झोपवून ठेवायचे. दुसरे कुठलेही औषध द्यायचे नाही."

मालवणला घरी आल्यावर मी ते जसेच्या तसे सांगितले. माझी आते हौसाबाई पाट्यावर खोबऱ्याचे वाटप वाटत होती. तिचा हात थांबला.

"राखणदाराक झोपयतस? मगे राखण कोण करतलो, तुझो डॉक्टर?"

"आते, तो राखणदार वेगळो."

"राखणदार कधी दोन असतत रे?"

आमच्या वाडीचा राखणदार वडाखाली असतो. कुणाला दिसत नाही, पण तिन्हीसांजेला काठी टेकत फिरतो. वर्षाला त्याला नव्या वहाणा ठेवतात, जुन्यांचे तळ झिजलेले असतात.

शेवंती हसली. "झोपांदे त्येका, आते. दमलो असतलो."

तिच्या तोंडावर रंग आला. विहिरीपर्यंत चालू लागली. दसरा झाला, आणि एका तिन्हीसांजेला ती म्हणाली, "काठी वाजता."

मला काही ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी काठी माडाजवळ आली, मग पायरीवर. ताप चढला, तोंड सुजले, लघवी थांबत आली. ती हात टाक्यांवर धरून बसायची.

"तो माका नाय शोधणा," ती म्हणाली. "महादूचा जा माझ्यात आसा, ता शोधता."

त्या दुपारी चुलीवर मला काढा दिसला. आत गुळवेलीचे तुकडे.

"आते, दुसरा औषद नको म्हणान सांगलेलंय."

"गुळवेल औषद कसला? कुंपणार वाढता ती. दसऱ्यापासून देतंय." तिने पदर डोळ्यांना लावला. "राखण झोपान कशी चलतली रे?"

मुंबईच्या बोटीसाठी शेवंतीला खुर्चीत बसवून धक्क्यावर नेले. बोट दिसू लागली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. "इलो," एवढेच म्हणाली. बोट असती तर 'इली' म्हणाली असती. बोट धक्क्याला लागण्याआधी ती गेली.

पुढे डॉक्टरांना गुळवेलीचे सांगितले. "तिने राखणदार जागा झाला असू शकेल," ते म्हणाले. "खात्रीने नाही सांगता येणार."

आतेला हे मी कधी सांगितले नाही. ती अजून तिघांचे वाटप वाटते.

आता काठी मला ऐकू येते. पायरीशी येते, थांबत नाही, पुढे जाते. आमच्या घरात आता परके कोणी नाही.